शालूआत्याचं फाटक

“झोपली होती म्हणते ड्युटीवर. म्हणून त फाटकावरून काढलं तिले,” गोंदियाहून आलेल्या एक काकू बटाटे सोलता सोलता शेजारच्या बाईंना सांगत होत्या. “अशी दिसत त नव्हती झोपाळू,” त्या बाई म्हणाल्या. “जागेपणी कोण झोपाळू दिसते वो?” त्यावर दोघी थोडं हसल्या, मग आपण कुठे बसलो आहोत ते आठवून पदर सावरून बसल्या. शालूआत्याची तेरवी होती. परसाडीहला तिच्या घरमालकिणीच्या, दुलारीदीदीच्या अंगणात मांडव घातला होता आणि मी भिंतीच्या अलीकडे पाण्याचे ग्लास भरत उभी होते. मी त्यांना दिसत नव्हते. मी ग्लास भरत राहिले... भरलेले होते, त्यांतही पुन्हा थोडं थोडं ओतलं.

आत्या झोपली नव्हती. हे मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी तिथे होते आणि चूक माझ्या हातून झाली होती. ही गोष्ट आत्याला आणि मला, दोघींनाच ठाऊक होती. आता मी एकटी उरले आहे. “शालूताई फाटकावर झोपली” हे वाक्य मी बारा वर्षं ऐकत आले, कधी चेष्टेत, कधी हळहळीनं, सगळ्यात जास्त वेळा माझ्या बाबांच्या तोंडून. आणि दर वेळी मी दुसरीकडे पाहिलं.

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते. तेलीबांधा मागे पडलं होतं, नव्या रायपूरचे रुंद रस्ते सुरू झाले होते. दुलारीदीदीचा फोन आला. “नोनी, तोर फूफू चल दिस,” इतकंच ती म्हणाली आणि रडू लागली. आत्यानं सकाळी चहा ठेवला होता, तो उतू गेल्याचा वास आला म्हणून दुलारीदीदी पाहायला गेली, तर ही भिंतीला टेकून बसलेली. मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि परतीच्या वाहनाची वाट पाहत उभी राहिले. तिकडे सकाळी सगळं एकाच दिशेनं जात असतं. वीस मिनिटं एकही रिक्षा मिळाली नाही. निवृत्त होऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते.

परसाडीह म्हणजे रायपूरच्या बाहेरचं एक छोटं स्टेशन. ते धड गाव नाही आणि शहरही नाही. एका बाजूला रेल्वेचे पिवळे क्वार्टर, दुसऱ्या बाजूला तळं आणि जुना पारा, म्हणजे जुनी वस्ती, आणि मधून दिवसभर मालगाड्या. कोळशाची बारीक पूड आणि सिमेंटची धूळ दोन्ही मिळून तिथल्या तुळशीवरसुद्धा एक राखाडी थर असतो. सकाळच्या लोकलनं अर्धं गाव रायपूरला कामाला जातं, भाजीच्या टोपल्या घेऊन बायका दाराशी बसलेल्या असतात. रायपूर वीस मिनिटांवर आहे, पण गाडी बाहेरच्या सिग्नलला उभी राहिली की त्या वीस मिनिटांचा तास होतो; आणि त्या तासात कोणाची सून कशी, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, सगळं कळतं. राजधानी झाल्यावर रायपूर चहूबाजूंनी पसरलं, परसाडीहला मात्र त्यातून फक्त रहदारी मिळाली. त्या रहदारीपुढे दांडा आडवा टाकून उभं राहायचं, हे आत्याचं काम होतं.

आत्या बाबांची मोठी बहीण. तिचे यजमान रेल्वेच्या गँगमध्ये होते, रुळांची देखभाल करणाऱ्या तुकडीत. ते लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. अनुकंपेवर तिला नोकरी मिळाली ती त्याच गँगमध्ये, गिट्टी उपसण्याची. बाबा तेव्हा सरकारी कचेरीत नवे होते. ओळखीतल्या एका साहेबाकडे दोन वर्षं हेलपाटे घालून त्यांनी तिला फाटकावर बदली मिळवून दिली. हे ते फार अभिमानानं सांगायचे, आणि तो अभिमान रास्त होता. फाटक मुख्य मार्गावरचं नव्हतं. कारखान्याकडे जाणाऱ्या साइडिंगवर होतं. दिवसात सात-आठ मालगाड्या, फाटकवालीला बसायची एक गुमटी, एक मुनग्याचं म्हणजे शेवग्याचं झाड, आणि झाडाखाली आत्यानं लावलेली लाल भाजी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायची. तिच्यासोबत गुमटीत जायची, तिच्या डब्यातली बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, कांद्याबरोबर खायची. गुमटीतून जग पाहायला मला आवडायचं, कारण तिथून मी सगळ्यांना दिसायची नाही. फाटक बंद झालं की दोन्ही बाजूंना गाड्या साचत, मग लोकांचे हॉर्न आणि तोंडं सुरू होत. एकदा एक मोटारवाला काच खाली करून ओरडला, “अरे बाई, ट्रेन कहाँ है? दिख तो नहीं रही.” आत्या दांड्याच्या चरखीचं हँडल धरून शांतपणे म्हणाली, “साहब, जब दिखेगी तब आपको मैं नहीं दिखूँगी.” तो काच वर करून बसला. पाऱ्यातल्या लोकांशी ती छत्तीसगढीत बोलायची, स्टेशनशी हिंदीत, आणि माझ्याशी आमच्या वऱ्हाडीत. मी शाळेत कोणाशीच फारशी बोलत नसे. इंग्लिश शाळा होती, आणि बाईंनी नाव घेतलं की माझे कान तापायचे, येत असलेलं उत्तरही देता यायचं नाही. रिपोर्ट कार्डवर दर वर्षी त्याबद्दल एक ओळ असे. आई-बाबांनी त्यावर शिकवणी लावून पाहिली. आत्यानं फोन लावून पाहिला.

फोन म्हणजे गुमटीतला काळा, हँडल फिरवायचा. गाडी सोडण्याआधी स्टेशनमास्तर फाटकावर फोन करतात. फाटक बंद करायचं, कुलूप घालायचं, आणि मग आपल्याकडच्या छापील कागदावरचा पुढचा नंबर त्यांना सांगायचा. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. एक नंबर एकदाच वापरायचा, सांगितला की खोडायचा. तो नंबर मिळाला म्हणजे फाटक बंद आहे, असं धरून गाडी सुटते. त्या साइडिंगवर फाटक आणि सिग्नल एकमेकांना जोडलेले नव्हते, सगळा भरवसा त्या दोन आकड्यांवर. आत्यानं मला हे खेळासारखं शिकवलं. ती बाहेर दांडा टाकून कुलूप घालून यायची, माझ्या हातात फोन द्यायची आणि म्हणायची, “सांग. घाबरू नको, त्याईले तू दिसून नाई राहिली.” आणि मी सांगायची. “गेट बंद. नंबर बाईस.” पलीकडून खरखरत उत्तर यायचं, “ठीक.” शाळेत वर्षभर माझा आवाज कोणी ऐकला नव्हता, आणि इथे माझ्या आवाजावर मालगाडी सुटत होती. आत्यानं हे करायला नको होतं. ते नियमाबाहेर होतं आणि तिला ते कळत होतं. पण मला बोलतं करण्याचा याहून चांगला उपाय आजवर कोणाला सापडलेला नाही.

मी बारा वर्षांची होते. दुपारची वेळ होती, विटांनी भरलेली एक ट्रॅक्टरची ट्रॉली रुळांवर आली आणि तिचं चाक रुळालगतच्या फटीत अडकलं. आत्या आणि ट्रॅक्टरवाला ती ढकलत होते. तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. “गाड़ी छोड़ रहा हूँ, गेट बंद करके नंबर दो.” मी खिडकीतून पाहिलं. ट्रॉली हलत होती. आता निघेल, मग आत्या दांडा टाकेल. ती कधी उशीर करत नसे... असं मी धरून चालले. खरं म्हणजे मला तो नंबर सांगायचा होता. कागदावर पुढचा आकडा दिसत होता आणि तो माझ्या तोंडात तयार होता. मी आत्यासारखा आवाज जाड करून म्हणाले, “गेट बंद. नंबर सैंतालीस.” आणि पेन्सिलीनं नीट रेघ मारून तो खोडला.

ट्रॉली निघाली नाही. मी बाहेर जाऊन सांगितलं, “आत्या, मी नंबर दिला.” तिनं माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. आत जाऊन फोनचं हँडल फिरवलं, स्टेशनला विचारलं. गाडी सुटून गेली होती. मग तिनं लाल झेंडी काढली आणि रुळांवरून गाडीच्या दिशेनं धावत सुटली. चपला गिट्टीत राहिल्या. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची, जाड अंगाची बाई, अनवाणी, दोन्ही हातांनी झेंडी हलवत धावते आहे, आणि वळणावरून इंजिन दिसू लागलं आहे... हे माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेलेलं नाही. इंजिन शिट्टी देत, चाकं घासत आलं आणि ट्रॉलीपासून विजेच्या दोन खांबांच्या अंतरावर थांबलं. ड्रायव्हर खाली उतरला. गुमटीतल्या माठाचं पाणी पिताना अर्धं त्यानं शर्टावर सांडलं. ट्रॅक्टरवाला ट्रॉली निघताच जो गेला, तो पुन्हा त्या रस्त्यानं दिसला नाही. हे सगळं होण्याआधी, झेंडी हातात घेऊन निघताना आत्या मला म्हणाली होती, “क्वार्टरवर जाय. दार लावून घे. तू आज फाटकावर आलीच नव्हती.” मी गुमटीच्या मागे उभी राहून सगळं पाहिलं, आणि मग गेले.

चौकशीत तिनं सांगितलं की डोळा लागला होता, झोपेतच नंबर दिला, मग जाग आली आणि धावले. तिला फाटकावरून काढून पुन्हा गँगमध्ये टाकलं. मोठी झाल्यावर मी यावर पुष्कळ विचार केला. बाहेरच्या पोरीला फोन दिला हे कळलं असतं तर कदाचित नोकरीच गेली असती. तेव्हा रेल्वेशी खोटं बोलण्यात तिचंही थोडं हित होतं, हे मला कळतं. पण बाबांशी खोटं बोलायची तिला काही गरज नव्हती. बाबा दुसऱ्या दिवशी आले. मी कोपऱ्यात बॅग भरत होते. “मी कोणाकोणाच्या दारात उभा राहिलो तुह्यासाठी, ताई. आन् तू झोपली?” ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटत होता. “एखादी शाळेची गाडी असती तिथं, त?” आत्या स्टोव्हपाशी बसली होती. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. “हव,” ती म्हणाली. “लागला डोळा.” मी बॅगेची चेन लावली. एक वाक्य पुरलं असतं. मी बाबांच्या मागोमाग चालू लागले.

दोन वर्षं बाबा परसाडीहला गेले नाहीत, भाऊबीजेलाही नाही. मलाही पाठवलं नाही. तिसऱ्या वर्षी आईनं फार समजावलं म्हणून आम्ही गेलो. आत्यानं पाट मांडला, ओवाळलं. बाबा म्हणाले, “जाऊ दे ताई. झालं गेलं. मी माफ केलं.” तिनं करंजी त्यांच्या तोंडाशी धरली आणि म्हणाली, “हव, खाय.” तिचे हात मी तेव्हा पाहिले. बोटांची पेरं सुजलेली, नखं काळी पडलेली. बाबांनी तो प्रसंग पुढे किती तरी वेळा सांगितला. ते वाईट नाहीत. बहिणीवर त्यांचा जीव होता, आणि तिला माफ करणं हे आपल्या हातून झालेलं एक चांगलं काम आहे असं ते मनापासून मानत आले.

एकदा शाळेच्या एका स्पर्धेसाठी आम्ही मुली लोकलनं बिलासपूरला चाललो होतो. परसाडीहच्या पुढे गाडीचा वेग कमी झाला. रुळांवर काम चालू होतं, नारंगी जॅकेट घातलेली गँग बाजूला सरून उभी होती. त्यात आत्या होती. डोक्याला पदर गुंडाळलेला, हातात फावडं. शेजारची मैत्रीण म्हणाली, “कैसे करती होंगी यार, इतनी धूप में.” मी पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली. आत्यानं मला पाहिलं की नाही, ते मी तिला कधी विचारलं नाही. पुढे गुडघे गेल्यावर तिला गँगला पाणी पोचवण्याचं काम मिळालं. साइडिंगचं फाटकही आता उरलं नाही. रस्त्याखालून बोगदा काढला, त्यात पावसाचं पाणी साचतं, आणि गुमटीला कुलूप आहे.

तिची-माझी शेवटची भेट ती जाण्याआधी दीड महिना झाली. क्वार्टर सोडून ती दुलारीदीदीकडे भाड्याच्या खोलीत राहायला आली होती. दुलारीदीदी गँगमधलीच, तिच्याहून लहान. आत्या आणि मी भाजी निवडत होतो. मी त्या दिवशी ठरवून गेले होते, तरी तासभर ऑफिसचंच बोलले. मग विचारलं, “आत्या, बाबांना का नाही सांगितलंस?” कशाबद्दल, असं तिनं विचारलं नाही.

“त्याले दोघीचा राग आला असता,” ती म्हणाली. “एकीचा आला, पुरला.”

“पण चूक माझी होती.”

“फोन कोणी शिकवला तुले?”

तिनं माझ्यापुढची जुडी ओढून घेतली, कारण मी देठांबरोबर पानंही टाकत होते. “काहून रडून राहिली? बारा वर्षं झाले. कोणी मेलं नाई. तो ट्रॅक्टरवाला, तो ड्रायव्हर, सगळे आपापल्या घरी गेले.” मी म्हणाले की मी बाबांना सांगणार आहे. तिनं भाजी टोपलीत भरली, गुडघ्यावर हात टेकून उठली. “सांगाचं असन त तुह्यासाठी सांग, पोट्टी. माह्यासाठी नको. मले आता त्याचा राग गोड लागते.” आणि ती हसली. मी घरी गेले. बाबा टीव्हीसमोर होते. मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत सहा रविवार गेले.

मराठी लिहायला मला आईनं घरी शिकवलं, शाळेत मराठी नव्हती. आत्याबद्दलचा हा लेख मी वर्तमानपत्रासाठी मराठीत लिहायला घेतला तेव्हा पहिल्याच पानावर लक्षात आलं की लिहिणं मला तसं सोपं जातं. कागदामागेही मी कोणाला दिसत नाही. पण बाबांना हे वर्तमानपत्रातून कळू देणं म्हणजे पुन्हा एकदा गुमटीच्या मागे उभं राहणं झालं असतं. एका माणसाला हे आधी तोंडानं सांगायला हवं होतं.

गेल्या रविवारी आम्ही तिची खोली रिकामी करायला गेलो. खोलीत सामान कमीच होतं. कॉट, स्टोव्ह, एक पत्र्याची पेटी, खिळ्याला टांगलेलं धुतलेलं नारंगी जॅकेट, जे तिनं निवृत्तीनंतर परत करायला हवं होतं की नाही, कोणास ठाऊक. उशाशी घड्याळ होतं, दहा मिनिटं पुढे लावलेलं. ड्युटी संपली तरी तिनं ते मागे केलं नव्हतं. मी साड्यांच्या घड्या घालत होते. दुलारीदीदीनं बाबांना सांगितलं की पुढच्या आठवड्यात गँगचे लोक स्टेशनजवळ आत्यासाठी छोटी सभा घेणार आहेत, भावानं दोन शब्द बोलावेत. बाबांनी खिशातून कागद काढला. त्यांना ते आधीच कळलेलं होतं आणि त्यांनी लिहूनही आणलं होतं. कॉटवर बसून ते मला वाचून दाखवू लागले.

“माझी बहीण देवमाणूस नव्हती, तुमच्या-आमच्यासारखीच होती. तिच्या हातून एकदा मोठी चूक झाली. ड्युटीवर तिचा डोळा लागला. मी वयानं लहान, तरी मी तिला माफ केलं, कारण...” ते थांबले, चष्मा कपाळावर सरकवला. डोळे पुसले. “कारण काय लिहू वो, मिनू? इथं अटकून राहिलो मी कालपासून. सांग न काई. चारचौघात वाचाचं हाये.”

दुलारीदीदी दारात उभी होती. तिला मराठी पुरती कळत नाही, पण ती माझ्याकडे पाहत होती. माझ्या हातात निळी साडी होती, अर्धी घडी झालेली. बाहेरून मालगाडी जात होती आणि खोलीतली पेटी बारीक थरथरत होती. गाडी गेली की सांगू, असं माझ्या मनात आलं... आणि ती लांब होती, डबे संपत नव्हते. कान तापले होते. मी साडी कॉटवर ठेवली, बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले, आणि गाडीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले,

“बाबा, ती झोपली नव्हती. फोन मी उचलला होता. फाटक उघडं असताना नंबर मी दिला.”